उजव्या कानामागचा चाफा

"इथे कुणी बसलंय का?"

मार्गोने डोळे उघडले. ते मिटले होते हे तिला उघडल्यावरच कळलं. समोर उन्हाने भाजलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस उभा होता. नाकाची सालं निघालेली, अंगात पोपटांचा सदरा, आणि चेहऱ्यावर पहिल्यांदाच भाषणाला उभ्या राहिलेल्या मुलाचा भाव.

"नाही," ती म्हणाली. खरं तर तिथे तिच्या नवऱ्याची, टोबिनची, टोपी होती. तिने ती उचलून मांडीवर घेतली आणि तो माणूस बाकावर तिच्या शेजारी बसला.

अकरा वाजता तिने नि टोबिनने खोलीची किल्ली परत केली होती. विमान रात्री साडेनऊचं. मधल्या वेळाला कुणी वाली नव्हता. खोली गेली, आंघोळीची सोय गेली, पोहण्याचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पडले, बॅगा हॉटेलच्या ओसरीवर रांगेत लागल्या. सुट्टीचा शेवटचा दिवस म्हणजे लग्न लागून गेल्यावरचा मांडव. फुलं असतात, पण त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्यात काउआईचे कोंबडे! या बेटावर माणसांपेक्षा कोंबडे जास्त, आणि एकालाही वेळेचं भान नाही. दोन वाजता, तीन वाजता, साडेतीनला... ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा तो आरवणार. रोज रात्री मार्गो नि टोबिन छताकडे बघत पडून राहायचे, आणि दुसऱ्याला झोप लागलीय असं समजून दोघंही गप्प असायचे.

"मी बर्ट. अलास्काचा. खेकड्यांच्या बोटीवर असतो."

"मार्गो. स्पोकेनहून."

"एकट्याच आलात?"

"असं का वाटलं तुम्हाला?"

बर्टने स्वतःच्या उजव्या कानाला बोट लावलं. "फूल हो. इथे उजव्या कानामागे फूल म्हणजे बाई मोकळी आहे. म्हटलं, विचारून बघावं. मी काही वाईट माणूस नाही. नुसतं... समोर बर्फाचा गोळा चांगला मिळतो. खाणार का?"

नाही म्हणायला हवं होतं. पण मार्गो इतकी दमली होती की नाही म्हणायचंसुद्धा जिवावर आलं. आणि दुसरं म्हणजे, बर्टचं काही चुकलं नव्हतं. फुलाचा अर्थ तिला दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होता.

मार्गो स्पोकेनमध्ये रात्रपाळीला तातडीचे फोन घ्यायची. कुणाचं घर जळतंय, कुणाचा नवरा जमिनीवर पडलाय, कुणाला कळा सुरू झाल्यात. रात्रभराचे हे आवाज कानात घेऊन ती सकाळी साडेसातला घरी यायची. टोबिन न्हावी. साडेआठला दुकानात जायला निघायचा, दिवसभर उभा राहून लोकांचे केस कापायचा, त्यांच्या गप्पांना हं-हं करायचा आणि सातला परतायचा. तोवर तिची गाडी निघून गेलेली असायची. म्हणजे दिवसाकाठी एक तास काय तो एकत्र. त्या तासात तिचे शब्द संपलेले असायचे आणि त्याचे अजून उठलेले नसायचे. पाच वर्षांचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला होता. 'दूध संपलं.' 'तुझ्या आईचा फोन.' 'आज बर्फ पडणार, मोठे बूट घाल.' या शेवटच्या चिठ्ठीला प्रेमपत्र म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग एप्रिलात बॉइसीहून पत्र आलं. तिथे तिला दिवसपाळी मिळत होती, नव्या लोकांना शिकवण्याचं काम. उजेडात जागायचं, अंधारात झोपायचं, चारचौघांसारखं. फक्त बॉइसी पडत होतं गाडीने आठ तासांवर. आणि उत्तर द्यायची मुदत होती आजची, तिथल्या पाचपर्यंत. म्हणजे बेटावरच्या दुपारी एकपर्यंत.

इथे आल्या आल्या, पहिल्याच संध्याकाळी तिने विषय काढला होता. "जाऊ का रे मी?" टोबिन समुद्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला हवं ते कर. मी आड येणार नाही." आणि थोड्या वेळाने, "सुट्टीत नको ना हे. शेवटच्या दिवशी बोलू." कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे निदान काउआईवर तरी दोघांना कळायला हवं होतं. पण त्यांनी झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाहेरून आला तेव्हा त्याच्या हातात चाफ्याचं फूल होतं. पांढरं, मध्ये पिवळं, पावसाने ओलं. मार्गो पलंगाच्या कडेला अर्धवट झोपेत बसलेली. तो समोर उभा राहिला, गिऱ्हाइकाची उचलावी तशी दोन बोटांनी तिची हनुवटी वर केली, बोटांनीच केस मागे विंचरले आणि फूल कानामागे खोवलं. मग एक पाऊल मागे सरून म्हणाला, "झालं." त्याच्या बोटांना साबणाचा नि चाफ्याचा वास येत होता. किती दिवसांनी त्याने असा हात लावला होता! मार्गोला रडूच यायचं बाकी होतं.

आणि दुपारी पोहण्याच्या तलावाकाठी टॉवेल देणारी बाई हसत म्हणाली, "उजव्या कानामागे फूल? मग तो दाढीवाला तुमचा कोण, भाऊ?" तिनेच सगळं सांगितलं. डावा कान म्हणजे गुंतलेली, उजवा म्हणजे मोकळी.

तुला हवं ते कर. मी आड येणार नाही.

सहा सकाळी त्याने सहा फुलं आणली, आणि सहाही उजव्या कानामागे. इतक्या हळुवार हातांनी कुणी कुणाला सोडलं नसेल, असं तिच्या मनात यायचं. फूल पलीकडे लावायला तिला दोन सेकंदही लागले नसते. पण सोडणाराच जर तो असेल, तर आपण कुणाला फसवायचं? आणि विचारायला तोंड उघडावं, तर ते त्राण कुठून आणायचं...

"मग, येताय ना?" बर्ट म्हणाला.

तेवढ्यात टोबिन आला. दोन हातांत बर्फाचे दोन गोळे, एक केशरी, एक हिरवा. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. त्याने बर्टकडे बघितलं, मार्गोकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरल्या आपल्या टोपीकडे.

"हे कोण?"

"बर्ट. अलास्काचे. खेकडे पकडतात."

"इथे कुठला खेकडा पकडायला बसलेत?"

बर्ट उठून उभा राहिला. "माफ करा हं. खरंच कल्पना नव्हती मला."

"कल्पना नव्हती?" टोबिनचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "तिच्या कानामागे एवढं ढळढळीत फूल लावलंय मी! दिसत नाही का तुम्हाला?"

"अहो, फूल बघूनच तर बसलो!" बर्ट काकुळतीला आला. एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघून त्याने मान हलवली. "तुमचं तुम्ही बघा बुवा," म्हणत तो पोपटांसकट निघून गेला.

मग दोघंच उरले. गोळे वितळत होते. पायाशी एक कोंबडा उगाच मान ताठ करून फिरत होता.

"फूल बघूनच म्हणजे?" टोबिनने विचारलं.

"म्हणजे त्यांना अर्थ कळतो, टोबी. मलाही कळतो. दुसऱ्या दिवसापासून."

"तुला कळत होता?" त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि लगेच पडला. "मग तू काही बोलली कशी नाहीस?"

"काय बोलायचं होतं? आभार मानायचे होते का?"

"आभार नको गं. पण... काहीतरी. हो तरी म्हणायचंस."

"कशाला हो? तू मला मोकळं करतोयस, त्याला?"

"मोकळं?" टोबिनने दोन्ही गोळे बाकावर ठेवले. "मार्गो, तुला कुणीतरी उलटं सांगितलंय. डावा कान म्हणजे गुंतलेली."

"हो. डावा."

"मग? मी रोज डाव्याच कानामागे लावतोय!"

तिने त्याचा चिकट हात धरला आणि उचलून फुलावर ठेवला. "हा कुठला कान आहे?"

"डावा," टोबिन छातीठोकपणे म्हणाला.

"टोबी... हा माझा उजवा कान आहे. जन्मापासून."

टोबिन बाकाला वळसा घालून तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दुकानात उभा राहतो तसे दोन्ही हात तिच्या डोक्याच्या दोन बाजूंना धरले. "डावा," तो पुटपुटला आणि त्याचा डावा हात तिच्या डाव्या कानाला लागला. तिथे काहीच नव्हतं. तो पुन्हा पुढे आला. "डावा." हात उजव्या कानावर. पुन्हा मागे गेला. ओसरीवरचा हमाल बॅगा ठेवता ठेवता थांबून बघायला लागला.

"अगं, पंधरा वर्षं मी माणसांच्या मागे उभा आहे," तो शेवटी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "गिऱ्हाईक पुढे, त्याच्यापुढे आरसा. त्याचं डावं ते माझं डावं, आरशातही त्याच बाजूला. कधी विचारच करावा लागला नाही. समोरून... समोरून बघायची सवयच नाही मला. समोरून मी फक्त तुझ्याचकडे बघतो."

पण सात दिवसांचा शीण असा एका वाक्याने जात नाही. "हे आत्ता सुचलं ना तुला?" तिने विचारलं. "तो बर्ट येऊन बसला म्हणून."

"आंटी हाउनानीला विचार. तिनेच सांगितलं होतं मला. चल, आत्ता विचार."

आंटी हाउनानीची हारांची टपरी रस्त्यापलीकडे होती. पाऊस भुरभुरत होता, इथला नेहमीचा, एका बाजूला ऊन ठेवून पडणारा. छत्री बॅगेत, बॅग ओसरीवर. दोघं तसेच भिजत गेले, हात न धरता, पण एकाच चालीने. टपरीतल्या घड्याळात बारा पंचवीस झाले होते.

आंटी हातभर लांबीच्या सुईत चाफा ओवत बसली होती. तिने चष्म्यावरून बघितलं. "आलात? आज जाणार ना?"

"आंटी, पहिल्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतं?" टोबिन धापा टाकत म्हणाला. "कुठला कान?"

"डावा. आणखी कुठला? तू म्हणालास, हिला काहीतरी सांगायचंय पण तोंडातून शब्द फुटत नाही. मी म्हटलं, डाव्या कानामागे लाव, बाकीचं फूल बोलेल." आंटीने सुई मार्गोच्या दिशेने हलवली. "आणि तू रोज उजवीकडे लावून पोरीला गावभर हिंडवत होतास. मी बघत होते की!"

"मग सांगायचं नाही का?"

"मला काय माहीत, बाळा? म्हटलं, भांडले असतील. दोघांच्या भांडणात आपण कशाला सुई घाला."

मार्गो हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, त्यामुळे ते हसू धड बाहेर येईना. अर्धं घशातच अडकलं आणि डोळ्यांतून निघालं. "काय सांगायचं होतं त्याला?" तिने आंटीला विचारलं.

"ते त्यालाच विचार. मी हार विकते, निरोप नाही." आणि आंटी पाठ फिरवून बादलीतली फुलं निवडू लागली. कान मात्र तिने इकडेच ठेवले असावेत.

टपरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. टोबिनने हात पँटला पुसले.

"की तू..." तो थांबला. "की माझी... नाही, तसं नाही. की मला तू हवी आहेस. बस. एवढंच होतं."

"मग 'तुला हवं ते कर' का म्हणालास?"

"कारण तू दमलीयस, मार्गो. सकाळी दारातून आत येतेस ना, तेव्हा तुझा चेहरा... मी रोज बघतो. बॉइसीत तुला झोप मिळणार. मी अडवून धरायचं? आणि मला वाटलं, या सगळ्यात तू मलाही कंटाळली असशील."

"तुला?" ती म्हणाली. "तुला कंटाळायला आधी तू भेटायला तर हवास! मला दिवस हवाय, टोबी. उजेडात तुझ्यासमोर बसून जेवायचंय. दूध संपलं हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय." तिने तोंडावरचं पावसाचं पाणी पुसलं. "पण तुझं दुकान..."

"माझं कुठलं दुकान? भाड्याची खुर्ची आहे ती. दोन कात्र्या, चार कंगवे, एक मशीन. एका पिशवीत मावतं सगळं."

"म्हणजे?"

"म्हणजे..." टोबिनने दाढी खाजवली. "बॉइसीत काय लोकांचे केस वाढत नाहीत?"

सात दिवस! सात दिवस आणि त्याआधीचा अख्खा एप्रिल या माणसाने एवढं एक वाक्य पोटात ठेवलं होतं. "हे पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"पहिल्या दिवशी तू विचारलंस, 'जाऊ का'. 'येतोस का' असं कुठे विचारलंस?"

रोज रात्री शंभर अनोळखी माणसांना ती विचारायची, तुम्ही कुठे आहात, दुखतंय का, जवळ कुणी आहे का. घरच्या माणसाला एवढा साधा प्रश्न विचारायचा राहूनच गेला होता. त्याला वाटलं तिला जायचंय, तिला वाटलं त्याला सोडायचंय, आणि दोघंही शहाण्यासारखे एकमेकांच्या आड न येण्यात गर्क.

"येतोस का, टोबी?"

"येतो."

बारा बावन्नला तिने फोनवरून बॉइसीला उत्तर पाठवलं. बोटं ओली होती, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा गेलं. मग तिने कानामागचं फूल काढलं. कडा तपकिरी झाल्या होत्या. टाकायला जीव होईना, म्हणून तिने ते पर्समध्ये ठेवलं. आंटीने बादलीतून एक टपोरं, अजून पुरतं न उमललेलं फूल काढून टोबिनच्या हातावर ठेवलं.

"मागून लाव," ती म्हणाली. "तुला समोरून जमत नाही."

टोबिन मार्गोच्या मागे गेला. त्याने ओले केस एका बाजूला सारले, बोटं मानेवर जरा जास्तच वेळ रेंगाळली, आणि फूल डाव्या कानामागे बसलं. आंटीच्या टपरीत खिळ्याला टांगलेला छोटा आरसा होता. त्यात दोघांचे चेहरे दिसत होते, डोळे खोल गेलेले, नाकं सोललेली.

"किती दमलेले दिसतोय आपण," मार्गो म्हणाली.

"तू छान दिसतेस."

"समोरून की मागून?"

"अगं, माफ कर की आता!"

पुढे त्या दिवशी विशेष काही घडलं नाही. पोहायचं मनात होतं, धबधबा बघायचा राहिला होता, पण दोघंही किनाऱ्यावरच्या झाडाखाली टॉवेल टाकून आडवे झाले ते झालेच. तिचं डोकं त्याच्या दंडावर, त्याची टोपी तिच्या डोळ्यांवर. चार फुटांवर एक कोंबडा येऊन मान उंचावून आरवला, मग दुसरा, मग झाडावरचे सगळे. कुणालाच ऐकू आलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा दोघं एकाच वेळी झोपले होते.

सातच्या सुमाराला ते विमानतळावर पोचले. अंगाला वाळू, बुटांना तांबडी माती, पिशवीत अजून ते ओले कपडे. बेटावरून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगा तिथे तपासतात, कुणी फळं-रोपं नेत नाही ना म्हणून. गणवेशातल्या बाईला दिवसभर हेच विचारून कंटाळा आला होता.

"फळं, रोपं, माती, फुलं? काही आहे का?"

"फूल आहे," टोबिन म्हणाला.

"कुठे?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मागची रांग खोळंबली होती. टोबिनने हातातली पिशवी खाली ठेवली, शांतपणे मार्गोच्या मागे जाऊन उभा राहिला, तिच्या डोक्यावरून पुढे बघितलं आणि आपला डावा हात वर केला.

"डाव्या कानामागे," तो म्हणाला.

बाईने मान वर करून आधी फुलाकडे, मग दोघांकडे पाहिलं.

"डाव्या ना? मग तुमचंच आहे," ती म्हणाली. "घेऊन जा."